एका अँटेनावर चार रिसीव्हर: स्प्लिटर घ्यायचा की नाही, आणि घ्यायचा तर कुठला

प्रश्न असा आहे: छोट्या मॉडेल विमानातून ५.८ गिगाहर्ट्झवर अ‍ॅनालॉग व्हिडिओ खाली येतो. जमिनीवर एक चांगली पॅच अँटेना (एकाच दिशेकडे रोखलेली, चपटी) आहे. तिच्यावर पायलटचा गॉगल, प्रेक्षकांसाठी मॉनिटर, एक रेकॉर्डर आणि कधीमधी दुसऱ्या विमानाचं चॅनेल पाहायला आणखी एक रिसीव्हर, असं सगळं चालवायचं आहे. सॅटेलाइट टीव्हीचा स्प्लिटर पडून आहे, तो चालेल का? नसेल तर कुठला घ्यावा? आणि तोच उलटा लावून दोन अँटेना एका रिसीव्हरला जोडता येतील का?

सॅटेलाइटवाला चालणार नाही. उलटा लावू नका. आणि या चौघांपैकी तिघांसाठी तरी आरएफ स्प्लिटर (अँटेनाचा रेडिओ सिग्नल वाटणारी डबी) लागतच नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण पैसे तिथेच वाचतात. पायलट, मॉनिटर आणि रेकॉर्डर तिघंही एकाच विमानाचं, म्हणजे एकाच चॅनेलचं चित्र पाहणार आहेत. मग अँटेनाचा अशक्त सिग्नल तीन ठिकाणी फोडायचा कशाला? एका रिसीव्हरने तो पकडावा आणि त्याच्या व्हिडिओ आउटपुटला निघालेलं चित्र वाटावं. तिथे सिग्नल चांगला एक व्होल्टचा असतो, वाटला तरी रेंजला धक्का लागत नाही. फक्त साधी वाय-केबल लावून वाटू नका. कंपोझिट व्हिडिओचा स्रोत ७५ ओहमचा असतो आणि पुढे ७५ ओहमचा एकच भार असेल हे गृहीत धरलेलं असतं. दोन उपकरणं समांतर जोडली की भार साडेसदतीस ओहम होतो आणि एक व्होल्टचं चित्र सुमारे ०.६७ व्होल्टवर येतं. चित्र काळपटतं, त्याबरोबर सिंकची (चित्र जागेवर धरून ठेवणाऱ्या खुणेची) पातळीही त्याच प्रमाणात घसरते. जवळ असताना काही वाटत नाही. विमान लांब गेलं, चित्रात दाणे आले, की ज्या गॉगलचं सिंक आधीच काठावर आहे तो निळा पडदा दाखवून मोकळा होतो. त्यामुळे व्हिडिओ डिस्ट्रिब्युशन अ‍ॅम्प्लिफायर लावा. एक इनपुट, तीन-चार आउटपुट आणि प्रत्येक आउटपुटला स्वतःचा ७५ ओहमचा ड्रायव्हर असलेली छोटीशी डबी असते ती.

आरएफ स्प्लिटरचं काम खरं तर एकाच प्रसंगी पडतं: अँटेना एक, पण चॅनेलं वेगवेगळी. शर्यतीत चार पायलट चार चॅनेलांवर उडवत आहेत आणि आयोजकांना चारही चित्रं एका मांडवाखाली हवीत, किंवा तुमच्यासारखं दुसऱ्या विमानावर लक्ष ठेवायचं आहे. दुसरं एक कारण लोक देतात ते म्हणजे पायलटचा रिसीव्हर गॉगलच्या आतच आहे आणि त्यातून व्हिडिओ बाहेर काढायची सोय नाही. तेही मान्य. पण तिथेही समसमान वाटणारा स्प्लिटर ही शेवटची निवड असावी. का ते सांगतो.

दोन वाटे केले की प्रत्येक वाट्याला निम्मी शक्ती, म्हणजे ३ डेसिबल कमी. चार वाट्यांना ६, आठ वाट्यांना ९. हा भौतिकशास्त्राचा कर आहे, कुठल्याही कंपनीचा माल घ्या, तो द्यावाच लागतो. त्यावर स्प्लिटरच्या आतला स्वतःचा तोटा, ५.८ गिगाहर्ट्झवर साधारण अर्ध्या ते एक डेसिबलचा. माहितीपत्रक वाचताना इथे फसगत होते. काही उत्पादक ‘इन्सर्शन लॉस ०.६ डेसिबल’ असं लिहितात, पण तो वाटणीच्या ३ डेसिबलच्या वरचा असतो. काही जण दोन्ही मिळून ३.६ लिहितात. दोघांचा माल सारखाच असतो. ०.६ वाचून ‘वा, इथे तोटाच नाही’ असं समजू नका. मोकळ्या हवेत ६ डेसिबल गेले की रेंज निम्मी होते. साडेतीन गेले तर मूळ रेंजच्या सुमारे ६७ टक्के उरते, आणि चार वाट्यांच्या स्प्लिटरमध्ये सात गेले तर ४५ टक्के.

म्हणून माझा नियम: पायलटचं चित्र समान वाटणीच्या स्प्लिटरमधून, पुढे अ‍ॅम्प्लिफायर नसताना, कधीच द्यायचं नाही. प्रेक्षकाच्या मॉनिटरवर बर्फ पडला तर तो कंटाळतो. पायलटच्या गॉगलमध्ये पडला तर विमान पडतं.

पायलट आणि एकच प्रेक्षक असतील तर स्प्लिटरऐवजी डायरेक्शनल कपलर घ्या. हा पर्याय लोकांच्या लक्षातच येत नाही. १० डेसिबलचा कपलर मुख्य वाटेतून शक्तीचा फक्त दहावा हिस्सा बाजूला काढतो, त्यामुळे पायलटच्या बाजूला तात्त्विक तोटा अर्ध्या डेसिबलहूनही कमी. आतला तोटा धरला तरी एक डेसिबलच्या आत काम भागतं आणि रेंज नव्वद टक्क्यांवर राहते. प्रेक्षकाला १० डेसिबल कमी मिळतात, म्हणजे विमान पायलटच्या रेंजच्या साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत असेल तोवर त्याला स्वच्छ चित्र दिसेल. बहुतेक उड्डाणांत विमान बहुतेक वेळ तेवढ्याच अंतरात फिरत असतं. कपलर लावताना दिशा बघा. इनपुट लिहिलेल्या टोकाला अँटेना, आउटपुटला पायलटचा रिसीव्हर. उलटा लावला तर कपल्ड पोर्टवर (बाजूच्या वाटेवर) जवळपास काहीच येत नाही आणि मग कपलर खराब निघाला अशी तक्रार होते.

आता स्प्लिटरच हवा असेल तर त्याच्या जाती. पहिली म्हणजे विल्किन्सन. अर्नेस्ट विल्किन्सन यांनी १९६० मध्ये मांडलेली रचना, आजही सगळीकडे तीच. इनपुटपासून पाव तरंगलांबीच्या दोन पट्ट्या निघतात, प्रत्येकी ७०.७ ओहमच्या, आणि दोन्ही आउटपुटांच्या मध्ये १०० ओहमचा एक रोधक बसतो. हा रोधकच सगळी करामत करतो. एका आउटपुटवरून परत उसळलेली शक्ती दुसऱ्या आउटपुटकडे जाऊ न देता तो ती स्वतःत जिरवतो. दुसरी जात रोधकांची, तिच्यात तीन रोधक आणि बाकी काही नाही. ती शून्यापासून कित्येक गिगाहर्ट्झपर्यंत चालते, पण दोन वाट्यांनाच ६ डेसिबल खाते आणि आउटपुटांमधलं आयसोलेशनही (एका आउटपुटचा सिग्नल दुसऱ्यात शिरण्यापासून किती अडतो तो आकडा) तेवढंच, ६ डेसिबल. मोजमापाच्या टेबलावर ठीक आहे, व्हिडिओला नको. तिसरी म्हणजे नुसता टी-कनेक्टर.

टी-कनेक्टरबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण ‘माझ्याकडे टी लावून छान चालतं’ म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि ते खोटं बोलत नसतात. दोन्ही बाजूंना चोख ५० ओहमचे रिसीव्हर असतील तर टीमध्ये प्रत्येकी साडेतीन डेसिबलच जातात, स्वस्तातल्या विल्किन्सनइतकेच. पण दोन आउटपुटांमधलं आयसोलेशनही साडेतीनच डेसिबल, म्हणजे नसल्यातच जमा. एका बाजूचं काहीही बदललं की दुसरी बाजू हलते. समजा एक रिसीव्हर काढला आणि टीच्या त्या टोकाला केबलचा तुकडा तसाच लोंबत राहिला. ५.८ गिगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी ५.१७ सेंटीमीटर आणि आरजी-३१६ केबलमध्ये तिच्या सुमारे ७० टक्के. म्हणजे पाव तरंगलांबी अवघी ९ मिलिमीटर. टीच्या जोडापासून उघड्या टोकापर्यंतची लांबी ९ मिलिमीटर, किंवा त्याची तिप्पट-पाचपट भरली, तर ते उघडं टोक जोडापाशी शॉर्टसर्किटसारखं वागतं आणि चालू असलेल्या रिसीव्हरचं चित्र गायब होतं. लांबी दुप्पट, म्हणजे १८ मिलिमीटर असेल तर काहीच बिघडत नाही. ‘कधी चालतं, कधी चालत नाही’ याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

हातात आलेली डबी कुठल्या जातीची हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही, साधा मल्टिमीटर पुरतो. ओहमवर ठेवा आणि कुठल्याही दोन पोर्टांच्या मधल्या पिना तपासा. ३३ ओहमच्या आसपास आलं तर रोधकांचा स्प्लिटर आहे. शून्याच्या जवळ आलं तर विल्किन्सन किंवा टी. विल्किन्सनमध्येही शून्यच दिसणार, कारण तो १०० ओहमचा रोधक तांब्याच्या पट्ट्यांनी डीसीला शॉर्ट केलेला असतो. काहीच जोड दिसला नाही तर आत कपॅसिटर आहेत. झाकण उघडता येत असेल तर उघडा. दोन पट्ट्यांच्या टोकांमध्ये मोहरीएवढा रोधक दिसला पाहिजे. नसेल, तर वर काहीही छापलेलं असो, तुम्ही टी विकत घेतली आहे.

सॅटेलाइटच्या स्प्लिटरला लोक ‘तो ७५ ओहमचा, आपलं काम ५० ओहमचं’ म्हणून नाकारतात. नकार बरोबर आहे, कारण चुकीचं. ५० आणि ७५ च्या बेजोडामुळे फक्त ४ टक्के शक्ती परत फिरते, तोटा ०.१८ डेसिबल. एवढ्यावर कुणी रडू नये. खरी अडचण फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याची आहे. त्यावर ५ ते २४०० मेगाहर्ट्झ असं काहीतरी छापलेलं असतं, आतले फेराइटचे मणी आणि एफ-कनेक्टर ५.८ गिगाहर्ट्झसाठी बनलेलेच नसतात. तिथे किती तोटा होईल याची हमी कुणीच दिलेली नाही. याच न्यायाने, तुमचा व्हिडिओ १.३ गिगाहर्ट्झवर असता तर तोच स्प्लिटर मी बिनदिक्कत वापरा म्हटलं असतं. ५.८ साठी २ ते ८ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा किंवा वायफायसाठी २.४ आणि ५.८ दोन्ही लिहिलेला विल्किन्सन घ्या. व्हिडिओची चॅनेलं ५६४५ पासून ५९४५ मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेली आहेत, तेव्हा ज्याचा पट्टा ५८०० ला संपतो तो नको.

माहितीपत्रकात आणखी दोनच ओळी पाहायच्या. आयसोलेशन १८-२० डेसिबल असावं. प्रत्येक रिसीव्हरच्या आतल्या ऑसिलेटरची थोडी गळती अँटेनाच्या तोंडातून बाहेर येते, ती शेजारच्या रिसीव्हरात शिरू नये म्हणून. आणि रिटर्न लॉस (तोंडावरून परत उसळणारा सिग्नल किती कमी आहे तो आकडा) १४-१५ डेसिबलच्या खाली नसावा. अ‍ॅम्प्लिट्यूड बॅलन्स, फेज बॅलन्स वगैरे आकडे सोडून द्या, व्हिडिओ पाहायला त्यांचा उपयोग नाही. ‘२० वॅट’ हा आकडाही तसाच, आपण इथे वॅटच्या अब्जांशात खेळतो आहोत.

रिकामा राहिलेला पोर्ट ५० ओहमच्या टर्मिनेटरने बंद करा. विल्किन्सनमध्ये एक आउटपुट उघडं राहिलं तर दुसऱ्याचं फार बिघडत नाही, पण तिथून उसळलेल्या शक्तीतला निम्मा भाग अँटेनाकडे परत जातो, आणि अँटेनाही चोख नसली की चॅनेलागणिक वर-खाली होऊ लागतं. तीन रिसीव्हर असतील तरी चार वाट्यांचाच घ्या आणि एकावर टोपी लावा. तीन वाट्यांच्या अनेक डब्या आतून ‘एक मोठा, दोन छोटे’ अशा वाटणीच्या निघतात.

आता अ‍ॅम्प्लिफायर. वाटे चार किंवा जास्त असतील तर स्प्लिटरच्या आधी कमी नॉइजचा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे एलएनए, हवाच. आधी म्हणजे आधीच, नंतर नाही. हिशेब करून दाखवतो. रिसीव्हरची नॉइज फिगर (तो स्वतः किती गोंगाट मिसळतो त्याचा आकडा) ६ डेसिबल धरा आणि चार वाट्यांच्या स्प्लिटरचा तोटा ७. एलएनए नसेल तर एकूण नॉइज फिगर १३ डेसिबल. आता अँटेनाच्या पायाशी १५ डेसिबल गेनचा (म्हणजे वाढीचा), दीड डेसिबल नॉइज फिगरचा एलएनए बसवला, की फ्रिसच्या (एकामागोमाग टप्प्यांच्या नॉइज फिगरा मिळवण्याच्या) सूत्राने एकूण आकडा येतो ३ डेसिबल. म्हणजे चार वाटे करूनसुद्धा प्रत्येक रिसीव्हर आधी एकटा असताना ऐकायचा त्याहून बरं ऐकतो. तोच एलएनए स्प्लिटरनंतर एका शाखेत लावला तर त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर सिग्नल सात डेसिबलने खचलेला असतो, आणि सिग्नल-गोंगाटाचं गेलेलं गुणोत्तर गेनने परत येत नाही.

गेनची हाव मात्र नको. स्प्लिटरच्या तोट्यापेक्षा ६ ते १० डेसिबल जास्त गेन पुरे. ३० डेसिबलचा एलएनए लावून बसलात आणि एखादं विमान डोक्यावरून दहा फुटांवर गेलं की एलएनए तुंबतो आणि त्या एका विमानामुळे चारही चॅनेलांवर पट्टे येतात. जवळच कुणाचा २.४ गिगाहर्ट्झचा कंट्रोल ट्रान्समीटर असेल तर एलएनएच्या आधी ५.८ चा बँडपास फिल्टर (फक्त तेवढाच पट्टा सोडणारा) टाका. त्याचा एखादा डेसिबल तोटा नॉइज फिगरमध्ये थेट मिळवावा लागतो, पण शर्यतीच्या गर्दीत तो सौदा परवडतो.

एलएनएला वीज बहुधा त्याच केबलमधून, बायस-टी (केबलीत डीसी वीज मिसळणारा जोड) लावून देतात. इथे मघाचा मल्टिमीटर पुन्हा काढा. स्प्लिटर एलएनए आणि बायस-टी यांच्या मध्ये आला तर तो डीसी सोडणारा हवा, आणि बाकीच्या रिसीव्हरांच्या वाटेत डीसी ब्लॉक (डीसी अडवणारे जोड) हवेत, नाहीतर पाच-बारा व्होल्ट सरळ त्यांच्या तोंडात जातात. काही अँटेनांची मधली पिन आणि जमीन डीसीला शॉर्ट असते, ती रचनाच तशी असते, बिघाड नव्हे. अशा अँटेनाला चुकून बायस पोचला की फ्यूज किंवा बायस-टीची कॉइल जाते. सगळ्यात सोपं म्हणजे बायस-टी एलएनएच्या लगेच खाली, स्प्लिटरच्या आधी. मग स्प्लिटरमध्ये डीसी येतच नाही.

डायव्हर्सिटी रिसीव्हर असतील, म्हणजे प्रत्येकाला दोन अँटेनांची तोंडं, तर पॅचला एक स्प्लिटर आणि ओम्नीला (सगळ्या दिशांना ऐकणाऱ्या अँटेनाला) दुसरा. पॅचचा स्प्लिटर सगळ्यांच्या पहिल्या तोंडांना, ओम्नीचा दुसऱ्या तोंडांना. दोन्ही अँटेना कुठेही एकत्र करायच्या नाहीत.

यावरून तुमचा शेवटचा प्रश्न. स्प्लिटर उलटा लावून दोन अँटेना एका रिसीव्हरला जोडल्या तर काय होतं? दोघींकडून येणाऱ्या लाटांची बेरीज होते, आणि ती बेरीज लाटा एका लयीत आल्या तरच बेरीज असते. ५.८ गिगाहर्ट्झवर अडीच सेंटीमीटर अंतराचा फरक पडला की तीच वजाबाकी होते. विमान थोडं वळलं, की एका अँटेनापर्यंतचं अंतर दुसरीपेक्षा तेवढं बदलतंच. म्हणजे विमान आकाशात फिरताना चित्र पंख्याच्या पात्यांमधून पाहिल्यासारखं येत-जात राहणार. शिवाय एका अँटेनाला चांगला सिग्नल आणि दुसरीला काहीच नाही असं झालं, तर चांगल्यातले ३ डेसिबल त्या १०० ओहमच्या रोधकात जळतात. डायव्हर्सिटी रिसीव्हर बेरीज करत नाही, ज्या बाजूचा सिग्नल बरा तीच बाजू निवडतो. दोन अँटेनांसाठी तोच मार्ग आहे.

विमानातल्या ट्रान्समीटरला स्प्लिटर लावून पंखाच्या वर एक आणि खाली एक अँटेना बसवण्याची कल्पनाही इथेच मोडते. कारण तेच, शिवाय वजन आणि दोन जादा केबलींचा तोटा. एकच अँटेना, पण शेपटीवर किंवा पंखाच्या टोकाला, बॅटरी आणि कार्बन फायबरपासून दूर, याने जास्त मिळतं.

डिजिटल व्हिडिओवाल्यांसाठी थोडक्यात: आधी सिस्टीम एकतर्फी आहे की दुतर्फी ते पाहा. एचडीझीरो एकतर्फी प्रसारण करतं, त्यामुळे वरचं सगळं त्याला लागू पडतं. डीजेआयच्या गॉगलमधून उलट दिशेनेही प्रक्षेपण होतं. त्याच्या अँटेनाच्या वाटेत एलएनए घातला तर गॉगलचीच शक्ती एलएनएच्या आउटपुटमध्ये उलटी घुसते. तिथे स्प्लिटर, एलएनए काही नको, गॉगलमधून चित्र बाहेर काढण्याची जी सोय असेल ती वापरा. वायफाय कार्डांवर चालणाऱ्या ओपनआयपीसीसारख्या मांडणीत एखादं कार्ड अपलिंक (जमिनीवरून विमानाकडे सिग्नल) पाठवत असेल तर त्यालाही तोच नियम. ५०० मिलिवॅट म्हणजे २७ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल), त्यातून २० डेसिबल आयसोलेशन वजा केलं तरी शेजारच्या कार्डाच्या तोंडावर ७ डीबीएम पडतात, आणि ते कार्ड उणे ८०-९० च्या सिग्नलसाठी कान लावून बसलेलं असतं.

केबलींवर उगाच गमावू नका. ५.८ ला एलएमआर-२०० मीटरमागे सुमारे ०.९ डेसिबल खाते, एलएमआर-४०० ०.३५ च्या आसपास. आरजी-३१६ सारखी बारीक केबल मीटरमागे दोनाहून जास्त, तेव्हा ती वीतभर तुकड्यांपुरतीच. एसएमए आणि आरपी-एसएमए या दोन सारख्या दिसणाऱ्या कनेक्टरांची गल्लत व्हिडिओच्या सामानात रोजची आहे: आटे बसतात, स्क्रू घट्ट होतो, पण आत पिनेसमोर पिनच नसते. जोडण्याआधी प्रत्येक तोंडात डोकावून एका बाजूला पिन आणि समोर भोक आहे याची खात्री करा. दोन्हीकडे पिन असेल तर जबरदस्ती करू नका, मधला भाग आत ढकलला जातो.

तुमच्यासाठी मांडणी अशी: पॅचनंतर १० डेसिबलचा कपलर, मुख्य वाटेवर पायलटचा रिसीव्हर, त्याच्या व्हिडिओ आउटपुटवर डिस्ट्रिब्युशन अ‍ॅम्प्लिफायर, त्यावर मॉनिटर आणि रेकॉर्डर. कपल्ड पोर्टवर दुसऱ्या विमानाचा रिसीव्हर. पुढे शर्यतीसाठी चार-आठ चॅनेलं लागली तर एलएनए आणि विल्किन्सन घ्या, तेव्हाही पायलट आपापल्या अँटेनांवरच राहू द्या.

जोडल्यावर तपासणी करा. ट्रान्समीटर सर्वांत कमी शक्तीवर, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला काठीवर, एकाच चॅनेलवर ठेवा. अँटेना हलवू नका. आधी रिसीव्हर थेट अँटेनाला लावून आरएसएसआयचा (सिग्नलच्या ताकदीचा) आकडा घ्या, मग कपलर किंवा स्प्लिटरच्या प्रत्येक पोर्टावरून. आरएसएसआयचे आकडे डेसिबलमध्ये नसतात, म्हणून ३, ६ आणि १० डेसिबलचे अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारे तुकडे) एकेक करून थेट जोडणीत घालून बघा आणि आपल्या रिसीव्हरचा तक्ता बनवा. व्हीएनए (केबल, अँटेना, स्प्लिटर मोजायचं यंत्र) वापरणार असाल तर त्याची वरची मर्यादा पाहून घ्या, कारण स्वस्तातले बरेच ३ गिगाहर्ट्झपर्यंतच जातात. दोन वाट्यांच्या स्प्लिटरचा पोर्ट ४ डेसिबलपेक्षा जास्त खात असेल, किंवा दोन पोर्टांत एक डेसिबलहून जास्त फरक दिसत असेल, तर आधी कनेक्टर आणि केबल बदलून पाहा. तरी फरक त्याच पोर्टाला चिकटून राहिला तर डबी परत करा.